डिझेल गाडीला ‘बूस्टची चावी’: साडेअठरा हजारांना मिळाली एक गोळी आणि एक स्प्रिंग

पुण्यात जुनी स्विफ्ट डिझेल घेतलेल्या एका मालकाला साडेअठरा हजारांत ‘स्टेज वन किट’ बसवून दिलं. बॉनेट उघडून पाहिलं तर अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, त्यावर फिरवायची चावी आणि वीतभर रबरी पाइप. हा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब (बूस्ट) हाताने वाढवायचं साधन. आत स्टीलची गोळी आणि स्प्रिंग, बाकी काही नाही. वस्तू खरी होती. चावी फिरवली की पिकअप वाढतो, हे सांगणं खोटं होतं.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा. त्याने दाबलेली थोडी हवा बारीक पाइपातून वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे ते झाकण उघडणाऱ्या डबीला जाते. दाब ठरलेल्या पातळीला आला की वेस्टगेट उघडतं, एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट तिथेच थांबतो. कंट्रोलर या पाइपात बसून हवा अडवून धरतो, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट वर जातो. पेट्रोल इंजिनात वाढलेल्या हवेबरोबर पेट्रोलही वाढतं, म्हणून ताकद मिळते. डिझेलची ताकद मात्र इंधनावर ठरते. या स्विफ्टच्या ७५ पीएसच्या १.३ मल्टिजेट इंजिनात ते किती सोडायचं याची मर्यादा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये, म्हणजे आत भरलेल्या कोष्टकात बांधलेली असते. मॅप तोच ठेवून नुसती हवा कोंबली तर टर्बो जास्त फिरतो, तापतो, आणि चाकांपर्यंत जवळपास काहीच पोहोचत नाही.

मग मालकाला फरक दिसला कसा? इथली चलाखी समजून घ्या. ‘आधी’चा आकडा डॅशबोर्डवर तात्पुरत्या लावलेल्या गेजवर दाखवला, ‘नंतर’चा स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूला जोडून सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या यंत्रावर. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं. स्कॅनरवर मॅप सेन्सरचा (MAP, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा; ईसीयूचा मॅप वेगळा) दाब वातावरणासकट येतो. म्हणजे चावीला हातही न लावता स्कॅनरचा आकडा साधारण एक बारने जास्तच दिसणार. पडताळणी सोपी आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून स्कॅनर बघा. पुण्यात ९५० मिलिबारच्या आसपास, मुंबईत हजाराच्या थोडं वर, असं काही दिसलं तर तो आकडा बूस्टचा नाही. दोन्ही वेळचं मोजमाप एकाच साधनावर, त्याच गिअरात, तेवढ्याच आरपीएमवर मागा.

पहिल्याच मोठ्या घाटात गाडी बसली. चेक इंजिनचा दिवा, कोड पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. ईसीयूने ताकद कापली. गॅरेजने कोड पुसला आणि ‘सेन्सर सेटिंग’ म्हणून आणखी चार हजार घेतले. ही दुसरी फसवणूक पहिलीपेक्षा घातक. मॅप सेन्सरच्या पाइपात हवा गळणारा छोटा व्हॉल्व्ह घातला होता, त्यामुळे ईसीयूला खरा दाब दिसेनासा झाला. दिवा विझला, पण इंजिनाची राखण करणारा पहारेकरीच झोपवला. काही महिन्यांत निळा धूर आणि इंटरकूलरच्या पाइपात साचलेलं ऑइल.

व्हीजीटी (टर्बोची पाती फिरणाऱ्या) डिझेलला वेस्टगेटच नसतं, दाब पात्यांच्या कोनाने ठरतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये वेस्टगेट विजेच्या मोटरवर चालतं, हवेच्या पाइपावर नाही. या गाड्यांसाठी कुणी हा कंट्रोलर विकत असेल तर पुढे बोलूच नका.

हवेच्या ॲक्च्युएटरच्या जुन्या पेट्रोल टर्बोंवर मात्र याचा उपयोग आहे, शिस्तीत केला तर. हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) बाहेर पडणाऱ्या तोंडाशी घ्यायची. बाण ॲक्च्युएटरकडे, उलटा बसला तर गोळी रस्ता बंद करते आणि बूस्टला लगामच राहत नाही. ॲक्च्युएटरच्या बाजूला बारीक छिद्र लागतं, अडकलेला दाब तिथून सुटतो. स्वस्त नगांत ते बुजलेलं किंवा पाडलेलंच नसतं. पाइप आखूड, सिलिकॉनचा, दोन्ही टोकांना क्लॅम्प. तो निसटला तरी परिणाम उलट्या बसवणीसारखाच. चावी पूर्ण सैल करून सुरुवात करायची, गेजचा टी-जोड इनटेक मॅनिफोल्डला. तिसऱ्या गिअरात पूर्ण थ्रॉटल, तोही डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, आणि दर वेळी अर्धाच फेरा. क्षणभर उसळणारा काटा आणि टिकून राहणारा काटा वेगळे वाचायचे. कंपनीच्या बूस्टपेक्षा २-३ पीएसआय जास्त झालं की थांबायचं, चेकनट घट्ट करायचा. नॉकिंग (इंजिनातली ठकठक) ऐकू आलं की लगेच मागे. आपल्याकडचं साधं पेट्रोल फार सोसत नाही. थंडीत पहाटे पुन्हा मोजायचं, कारण हवा दाट झाली की तीच चावी जास्त बूस्ट देते.

डिझेलमध्ये हे आधीच बसवलं असेल तर कंट्रोलर आणि सेन्सरवरचा व्हॉल्व्ह दोन्ही काढा, कॉम्प्रेसर ते ॲक्च्युएटर एकच नवा पाइप थेट जोडा. इनटेकचा पाइप सोडवून टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा: आजूबाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. पाइपात ऑइलचा ओलावा नेहमीचा. थारोळं असेल तर टर्बो उघडल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.