पीआरएसची वेबसाइट: इंटरनेटच्या कायद्यांचे मसुदे वाचायला इथून सुरुवात करा

प्रायव्हसीचा नवा कायदा आला, आता सगळे मेसेज सरकार वाचणार, पोस्ट टाकली की आत, असे फॉरवर्ड आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन-दोन दिवस नुसती जुंपते आणि मूळ विधेयक मात्र कुणीच उघडलेलं नसतं. यावर मला सगळ्यात भरवशाचं काय वाटलं असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची वेबसाइट. दिल्लीची संस्था आहे, 2005 साली सुरू झाली, ना नफा तत्त्वावर चालते, खासदार-आमदारांना विधेयकं नीट समजावीत हे त्यांचं मूळ काम, पण वेबसाइट सगळ्यांना खुली आहे आणि फुकट आहे. बऱ्याच दिवसांपासून वापरतेय म्हणून मनापासून लिहितेय, विशेषतः इंटरनेट, डेटा आणि ऑनलाइन बोलणं यावरच्या कायद्यांसाठी.

प्रत्येक विधेयकाचं स्वतंत्र पान असतं. ते कधी मांडलं, लोकसभेत कधी पास झालं, राज्यसभेत कधी, हे सगळं तारखांसकट मिळतं आणि खाली मूळ विधेयक, सारांश, असेल तर समितीचा अहवाल. महत्त्वाच्या विधेयकांवर लेजिस्लेटिव्ह ब्रीफ नावाची टिपण असते आणि खरं सोनं तिच्यात आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचंच बघा ना. सरकारनं नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा मसुदा 2018 चा, मग 2019 चं विधेयक, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, समितीनं 2021 च्या डिसेंबरमध्ये अहवाल दिला, 2022 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं विधेयक मागे घेतलं, नोव्हेंबरमध्ये नवा मसुदा आणि शेवटी 3 ऑगस्ट 2023 ला मांडलेलं विधेयक 9 ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून पास. पाच वर्षं घोळ आणि शेवटचा टप्पा आठवड्याभरात! एवढे मसुदे घेऊन बसलं तर डोकं चालत नाही, पण टिपणीत आधीच्या मसुद्यांशी तुलना आहे, त्यामुळे मधल्या मधे काय गळलं ते कळतं. उदाहरणार्थ आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा हक्क 2019 च्या विधेयकात होता, 2023 मध्ये नाही. हे मला पेपर वाचून कधीच समजलं नसतं.

आमच्या सोसायटीत (कर्वेनगर) गेटवरची पाहुण्यांच्या नोंदीची वही काढून टॅब ठेवायचा विषय आला तेव्हा मी हेच पान उघडून दाखवलं, कारण कमिटीत कुणी म्हणे हा कायदा फक्त गुगल-फेसबुकला आहे, कुणी म्हणे वहीला पण आहे. सारांशात सरळ लिहिलंय की डिजिटल स्वरूपात गोळा केलेला किंवा नंतर डिजिटल केलेला डेटा. म्हणजे पाहुण्याचं नाव आणि नंबर वहीत आहे तोवर हा कायदा लागत नाही, पण तेच टॅबमध्ये भरलं किंवा वहीचा फोटो काढून सिस्टिममध्ये चढवला की लागतो. वरच्या मजल्यावरचे काका आधी ऐकायला तयार नव्हते, मूळ विधेयकातलं कलम 3 समोर धरलं तेव्हा म्हणाले हे बरोबर आहे, मग ठरवू काय-काय विचारायचं ते. शेवटी पाहुण्याचा फोटो काढायचा नाही असं ठरलं, त्याची गरजच नव्हती.

म्हणूनच माझं सांगणं, सारांशावर थांबू नका, त्याच पानावरून मूळ विधेयकही उघडा. त्यात कलमांखाली उदाहरणं दिलीयेत आणि ती अगदी आपल्या रोजच्यातली आहेत. एकात औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःहून नंबर देतं आणि पावती मेसेजवर पाठवा म्हणतं, तर दुकानदारानं तो नंबर पावती पाठवायला वापरायचा. लक्ष्मी रोडला साडी घ्या नाहीतर चपला घ्या, बिल करायच्या आधी नंबर विचारतात आणि मग वर्षभर सेलचे मेसेज, त्यावर बोट ठेवून बोलायला हे उदाहरण फार कामाचं आहे. दुसऱ्यात डॉक्टरांशी ऑनलाइन बोलायचं अ‍ॅप तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट पण मागतं आणि माणूस हो म्हणून टाकतो, तरी ती संमती सल्ल्यासाठी लागणाऱ्या डेटापुरतीच धरायची कारण कॉन्टॅक्टची गरज नाही. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा तिला लगेच कळलं, वेगळं समजवावं लागलं नाही.

पण गोड-गोडच आहे असं नाही आणि टिपण ते लपवत नाही. सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अधिसूचना काढून कायद्यातून सूट देऊ शकतं. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच कसोटीवर टिपण विचारते की अशा सुटीमुळे गरजेपेक्षा जास्त डेटा गोळा होणार नाही का, ठेवला जाणार नाही का. डेटा संरक्षण मंडळाच्या सदस्यांची मुदत फक्त दोन वर्षं आणि पुन्हा नेमणूक होऊ शकते, मग ते सरकारच्या विरोधात निकाल देताना मोकळे राहतील का, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. 250 कोटींपर्यंत दंडाची बातमी सगळीकडे झाली, पण तो दंड लावणारं मंडळ कसं आहे हे फारसं कुणी विचारलंच नाही.

आणि विधेयकाची शेवटची पानं सोडू नका! कलम 44 मध्ये दुसरे कायदे बदललेत, त्यात माहिती अधिकार कायद्याचं 8(1)(जे) कलम आहे. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही वगैरे दाखवावं लागायचं, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरतं. जनहिताची पळवाट 8(2) मध्ये शिल्लक आहे, पण महापालिकेत अर्ज करणाऱ्याला आता जास्त भांडावं लागणार. पुण्यात माहिती अधिकारावर इतकी माणसं काम करतात, त्यांनी तरी हे पान वाचायलाच हवं.

ऑनलाइन बोलण्याबद्दल मात्र जरा वेगळी पद्धत ठेवावी लागते. आयटी कायद्याचं ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं 66अ कलम 2008 च्या दुरुस्तीत आलं, त्यात ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे शब्द होते आणि त्यांची व्याख्याच नव्हती. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं 24 मार्च 2015 ला, म्हणजे मधे किती वर्षं गेली बघा. तेव्हापासून कुठलाही मसुदा उघडला की मी आधी व्याख्या बघते, शिक्षा नंतर. शिवाय हल्ली बरंचसं सरकारनं स्वतः काढलेल्या नियमांतून येतं, विधेयकातून नाही. 2021 च्या आयटी नियमांत मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्यायची तरतूद आली, 2023 मध्ये सरकारच्या कामाबद्दलचा कुठला ऑनलाइन मजकूर खोटा ते ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटची, जी मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर 2024 मध्ये रद्द ठरवली. यातलं काहीही आधी संसदेत चर्चेला आलं नव्हतं. 2021 च्या नियमांवर पीआरएसची वेगळी टिपण आहे, ती जरूर वाचा.

आता काय मिळत नाही ते. ब्रीफ प्रत्येक विधेयकावर नसते. कायदा चांगला की वाईट, पाठिंबा द्या की विरोध करा, हे ते सांगत नाहीत, आणि मला तेच आवडतं पण काहींना अर्धवट वाटेल. मजकूर इंग्रजीत, थोडा हिंदीत, मराठी नाही, त्यामुळे ज्येष्ठांना कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. खुद्द डेटा कायदा म्हणतो की संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत वाचायचा पर्याय हवा, म्हणजे मराठीतही, मग कायद्याचं विश्लेषण मराठीत कुणी करत असेल तर मी पैसे देऊन घेईन.

हरकती-सूचना मात्र तुम्हालाच पाठवायच्या असतात आणि मुदतीवर नजर ठेवायला लागते. डेटा कायद्याचे मसुदा नियम 3 जानेवारी 2025 ला आले, मुदत 18 फेब्रुवारी होती, मग 5 मार्च झाली, सूचना सरकारच्या मायगव्ह पोर्टलवर घेतल्या. अंतिम नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत.

पाचपैकी साडेचार. अर्धा मराठीसाठी कापला. ब्रीफची पीडीएफ मोबाइलवर वाचू नका, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा, पेन घेऊन बसा आणि मूळ विधेयकाची कलमं शेजारी ठेवा.