मुलीचं ख्रिस्ती किंडरगार्टन: जवळपास वर्षभराचा अनुभव

मुलीला ख्रिस्ती किंडरगार्टनमध्ये घातलं तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: तिथे नुसतं बायबलच शिकवतात का? वर्ष संपत आलंय, आता नीट उत्तर देता येईल.

अभ्यासात काही कमी नाही. अक्षरांचे ध्वनी, ते जोडून छोटे शब्द, शंभरपर्यंत मोजणी, दहाच्या आतली बेरीज-वजाबाकी, कात्री धरणं, आपलं दप्तर आपण आवरणं. हे कुठल्याही बऱ्या शाळेत होतं. वेगळेपण आहे ते शिकवण्याच्या धाग्यात.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची बोधकथा, शिकवला तेव्हा मी वर्गात मदतीला होते. बाईंनी कापसाची शंभर मेंढरं दहा-दहाच्या ओळींत मांडली, मुलांना डोळे मिटायला लावले आणि एक लपवलं. मोजताना शेवटच्या ओळीत नऊच भरली. एक मुलगा म्हणाला, "नव्याण्णव आहेत ना, पुरे की." बाईंनी एवढंच विचारलं, "हरवलेलं मेंढरू तू असतास तर?" तो क्षणभर थांबला आणि सगळ्यांच्या आधी टेबलाखाली शिरला. दशक-एककही झालं आणि दाखलाही. आमच्या मुलीला ९९ आणि १०० यांतला फरक तेव्हापासून पक्का कळलाय, दोन्ही अर्थांनी.

पाठांतराबद्दल मात्र माझं मत संमिश्र आहे. दर आठवड्याला बायबलमधलं नवं वचन असतं. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातली 'आत्म्याची नऊ फळं', म्हणजे प्रेम, आनंद, सहनशीलता असे नऊ गुण, ती हातवारे करून घडाघडा म्हणते. पण सहनशीलता म्हणजे काय, हे तिला घसरगुंडीच्या रांगेत उभं राहिल्यावरच उमगलं. वचनं निम्मी करून प्रत्येकाला दुप्पट वेळ दिला तर जास्त रुजतील, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोलाचं वाटलं ते क्षमा मागायचं शिक्षण. नुसतं "सॉरी" चालत नाही. काय केलं ते सांगावं लागतं. "मी तुझा मनोरा मुद्दाम पाडला, मला क्षमा कर." ही सवय आता घरीही दिसते, आणि आम्हा मोठ्यांकडूनही ती तशाच माफीची अपेक्षा धरते. इथे एक गोष्ट खटकते. समोरच्या मुलाने लगेच "क्षमा केली" म्हणायचं असतं. डोळ्यांतलं पाणी वाळलेलं नसताना पोराकडून हे वदवून घेऊ नये. मी हे बाईंशी बोलले. आता निदान तिच्या वर्गात मुलांना थोडा अवधी मिळतो.

प्रार्थना छोट्या आणि मुलांच्याच शब्दांत असतात. आजारी मित्राचं नाव घेऊन, खाऊबद्दल आभार मानून. दुसऱ्याची आठवण ठेवायची सवय यातून लागते.

वर्कशीट जरा जास्तच आहेत. 1840 साली 'किंडरगार्टन' हे नाव देणारे फ्रीड्रिख फ्रोबेल स्वतः एका ल्यूथरन पाळकाचे पुत्र. त्यांनी मुलांच्या हाती दिले ते चेंडू आणि लाकडी ठोकळे. श्रद्धा आणि खेळ यांचं वैर तेव्हाही नव्हतं. जलप्रलयातून प्राण्यांना वाचवणारं नोहाचं तारू ठोकळ्यांनी बांधू द्यावं, रंगवायला छापील कागद कशाला?

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली ही बायबलमधली उत्पत्तीची गोष्ट सांगताना विज्ञान कसं शिकवतात? आमच्याकडे बी रुजताना बघणं, हवामानाची नोंद, पंचेंद्रियं हे सगळं छान झालं. पण काही अभ्यासक्रम सहा दिवसांची निर्मिती शब्दशः शिकवतात, आणि डायनासोरवेड्या मुलाचे प्रश्न त्या वयातच सुरू होतात. दुसरं, जलप्रलयासारख्या कठीण गोष्टी कशा सांगतात? "बाकीच्या प्राण्यांचं काय झालं?" हे आमच्या मुलीने विचारलंच. बाईंनी तिला गप्प केलं नाही, "मलाही वाईट वाटतं" म्हणाल्या आणि तिला पुढे बोलू दिलं.

ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबांनी हे जाणूनच यावं की इथे धर्मशिक्षणाचा वेगळा तास नसतो, तो दिवसभरात मुरलेला असतो. आम्हाला तेच हवं होतं. पुढच्या इयत्तेसाठीही याच शाळेत नाव घातलंय.