मेस्सी घडवल्याचं श्रेय: रायकार्डला की पेपला?

सतरा वर्षांच्या मेस्सीला ऑक्टोबर 2004 मध्ये एस्पान्योलविरुद्ध ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल साखळीत, पहिल्यांदा उतरवलं ते बार्सिलोनाचा तेव्हाचा प्रशिक्षक फ्रँक रायकार्डने. रोनाल्डिन्योच्या बार्सिलोनात पोरसवद्या खेळाडूला जागा देणं धाडसाचंच. पुढे या डावखुऱ्याला त्याने उजव्या बगलेला खेळवलं, म्हणजे आत वळून शॉट मारता यावा.

रायकार्डनंतर प्रशिक्षक झालेल्या पेप ग्वार्डिओलाने 2 मे 2009 ला रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर त्याला मधोमध आणलं, ‘फॉल्स नाइन’ म्हणून, म्हणजे पुढे न थांबता खाली सरकणारा मधला आघाडीपटू. तो खाली सरकला की रेआल माद्रिदच्या बचावपटूंना कळेना, मागे जावं की जागा धरावी. बार्सिलोना 6-2, मेस्सीचे दोन गोल! माझं पारडं पेपकडेच झुकतं. मात्र तेराव्या वर्षी त्याला हेरून आणणारे यांपैकी कुणी नव्हते, आणि ड्रिब्लिंग तर तो अर्जेंटिनातल्या आपल्या रोसारियोहूनच घेऊन आला होता.