परदेशातले देणगीदार शोधायच्या साइट्स : कुठली कामाची, कुठली नुसती दिखाऊ

मी लहान संस्थांसाठी देणगीदारांची माहिती काढून द्यायचं काम करते, प्रॉस्पेक्ट रिसर्च म्हणतात याला. म्हणजे कोणाकडे मागायचं, साधारण किती मागायचं आणि कोणाच्या वाटेला जायचंच नाही हे आधी बसून शोधायचं. वसतिगृहं, शाळा चालवणाऱ्या संस्थांचा डोळा परदेशातल्या मराठी माणसांवर असतोच, पण "लंडनला आपले खूप लोक आहेत हो" याच्यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून रोज वापरते त्या साइट्सबद्दल लिहितेय, बहुतेक फुकट आहेत.

सगळ्यात वर ब्रिटनचं कंपनीज हाउस, म्हणजे तिथलं कंपन्यांचं सरकारी रजिस्टर. २०१५ पासून सगळं फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. ऑफिसर सर्चमध्ये नाव टाकलं की तो माणूस कुठकुठल्या कंपन्यांचा डायरेक्टर आहे, कुठल्यातून बाहेर पडला, कुठली बंद पडली, सगळी यादी समोर. कुलकर्णी, जोशी टाकलं तर अर्थातच पानंच्या पानं येतात, पण आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं ना, ते इथे जाम उपयोगी पडतं, आणि जन्माचा महिना आणि साल दिसतं त्यामुळे दोन सारख्या नावांची माणसं वेगळी करता येतात. २०१६ पासून पीएससीचं, म्हणजे कंपनीवर खरा ताबा असलेल्या माणसांचं रजिस्टर पण आहे, २५ टक्क्यांच्या वर मालकी असेल तर तिथे नाव लागतं, फक्त नेमके टक्के नाही तर २५ ते ५०, ५० ते ७५ असे टप्पे दिसतात. नुसता पगारी डायरेक्टर आहे का खरा मालक, हे यावरून कळतं.

पण मला हे पान आवडतं ते एका बारीक गोष्टीसाठी. डायरेक्टरच्या नावाखाली नॅशनॅलिटी लिहिलेली असते. आपल्या संस्थांना पैशाच्याही आधी हेच बघावं लागतं, कारण माणूस भारतीय नागरिक असेल तर तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत देतो ती देणगी परदेशी धरली जात नाही, आणि त्याने ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी, मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन पाहिजे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात यायला हवेत. एफसीआरए नसलेल्या संस्थेने ब्रिटिश नागरिकाच्या मागे लागून काय करायचं? तरी ही नॅशनॅलिटीची नोंद नेमणुकीच्या वेळची असू शकते, मधल्या काळात पासपोर्ट बदललेला असतो, म्हणून देणगी घेण्याआधी स्पष्ट विचारायचंच.

अमेरिकेसाठी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेचं नॉनप्रॉफिट एक्स्प्लोरर. हे पण फुकट. तिथल्या खाजगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं रिटर्न भरावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. लोक पहिल्या पानावरचा मालमत्तेचा आकडा बघून खूश होतात, तो सोडा, खाली अनुदानांच्या यादीवर जा. कोणाला, किती, कशासाठी, सगळं नावानिशी. पाच वर्षांची रिटर्न शेजारी शेजारी ठेवली की फाउंडेशन खरंच भारतात देतं का नुसतं गावातल्या कॉलेजला आणि मंदिराला देतं हे कळतं. आणि एक छोटा चौकोन असतो, आम्ही आधीच ठरवलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही असा. त्यावर खूण असेल तर पत्र पाठवून वेळ घालवू नका, ट्रस्टींमध्ये ओळख निघाली तरच पुढे जा.

मर्यादा आहेतच. एक तर माहिती वर्ष-दीड वर्ष जुनी असते. दुसरं, साध्या चॅरिटीच्या ९९० मध्ये देणगीदारांची नावं उघड नसतात, आणि परदेशात दिलेल्या पैशांच्या पुरवणीत नुसतं साउथ एशिया आणि रक्कम, संस्थेचं नाव नाही. म्हणजे महाराष्ट्र फाउंडेशनसारखी अमेरिकेतली १९७८ पासूनची संस्था घ्या, एकूण किती जमलं किती दिलं हे कळेल, कोणी दिलं ते नाही. आणि जो डोनर-अॅडव्हाइज्ड फंडातून देतो, म्हणजे आधी एका मोठ्या चॅरिटीकडे पैसे ठेवतो आणि मग कोणाला द्यायचे ते तिला सुचवतो, तो तर दिसतच नाही.

एडगर ही सेकची, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाची साइट लिस्टेड कंपन्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यांपुरतीच, फॉर्म ४ मध्ये शेअर विकले-घेतलेले कामकाजाच्या दोन दिवसांत दिसतात. आपल्याला वर्षातून एखाद वेळेस लागते. ब्रिटनमधल्या ट्रस्टसाठी ग्रँटनॅव्ह छान आहे, विषय टाकून शोधता येतं आणि एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल उतरवता येते, पण ज्यांनी आपणहून माहिती दिलीये तेच त्यात. चॅरिटी कमिशनचं, म्हणजे तिथल्या चॅरिटींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं रजिस्टर बघताना लक्षात ठेवा, ते इंग्लंड आणि वेल्सचं आहे, स्कॉटलंडचं वेगळं.

आता पैसेवाली गोष्ट. एका संस्थेने वेल्थ स्क्रीनिंगचं, म्हणजे कोण किती श्रीमंत आहे ते ताडणारं महागडं टूल घेतलं होतं, नाव घेत नाही. यादी टाकली की प्रत्येकाला मार्क. अमेरिकेतल्या घरांच्या किमतींवर सगळी भिस्त, त्यामुळे पुण्यात चार फ्लॅट असलेला माणूस गरीब ठरला आणि न्यू जर्सीत कर्जावर घर घेतलेला श्रीमंत. आपल्या कामाला शून्य उपयोग. घर केवढं आहे यापेक्षा याआधी कुठे दिलंय हे बघावं आणि ते फुकटात दिसतं.

बाय द वे, सापडतंय म्हणून सगळं एक्सेलमध्ये भरून ठेवू नका. ब्रिटनच्या आयसीओने, म्हणजे लोकांच्या खाजगी माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाने, डिसेंबर २०१६ मध्ये दोन मोठ्या चॅरिटींना देणगीदारांना न सांगता असं स्क्रीनिंग केलं म्हणून दंड लावला होता. मुलांची नावं, आजारपणं, फेसबुकवरचे फोटो कशाला पाहिजेत आपल्याला?

आखाताचं मात्र अवघड आहे. दुबईच्या डीआयएफसी आणि अबुधाबीच्या एडीजीएम या खास आर्थिक झोनची रजिस्टरं ऑनलाइन बघता येतात, पण त्यात त्या झोनमधल्याच कंपन्या. दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात पंचवीस वर्षं धंदा केलेला रत्नागिरीचा माणूस तिथे सापडणार नाही, त्याच्यासाठी अजून ओळखीतल्या कोणाला तरी फोनच लावावा लागतो.