गावातलं फ्री वायफाय: चालते चांगलं, पण भिंतीवरून गावाचं नाव कायले पुसलं?

आमच्या गावात (वर्धा जिल्हा, हायवेपासून बरंच आत) ग्रामपंचायतीच्या छतावर एका कंपनीनं फ्री वायफायचा डब्बा बसवला त्याला आता आठ महिने झाले. मी पहिल्या दिवसापासून वापरतोय म्हणून लिहितो. पाचपैकी तीन स्टार.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. मागच्या हंगामात सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करा, मग स्लॉट बुक करा, आणि आमच्याकडे सिमची रेंज म्हणजे कधी एक दांडी तर कधी तेही नाही, तेव्हा अर्धं गाव सातबारा आन आधार घेऊन पंचायतीच्या ओट्यावर बसलेलं असायचं. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा (२०२५-२६) ८,११० रुपये क्विंटल होता आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन त्याच्यापेक्षा कितीतरी कमी सांगत होता, मग ज्याचा स्लॉट लागला त्याच्या घरात या वायफायनं पैसा आणला असंच म्हणावं लागेल. पोलीस भरतीवाले पोट्टे रात्री इथंच टेस्ट सोडवतात. ई-पीक पाहणीही इथूनच अपलोड होते. संध्याकाळी ७ नंतर मात्र सगळे एकदम येतात आणि साधा व्हिडिओ पण फिरत राहते.

आता लॉगिन. नेटवर्क निवडलं की आधी कंपनीची जाहिरात, ती संपेपर्यंत थांबायचं, मग मोबाईल नंबर, मग ओटीपी. सार्वजनिक वायफायवर ओळख पटवणं हा सरकारचाच नियम आहे त्यामुळं नंबर मागितला याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओटीपी येतो सिमवर आणि सिमला रेंज नाही म्हणून तर माणूस इथं आला! शेजारच्या काकाजींना मी स्वतः पाहिलं, फोन डोक्याच्या वर धरून ओट्यावरून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेले, तिथं मेसेज आला, परत येईपर्यंत ओटीपीची वेळ संपली. तीनदा. चौथ्यांदा नातवाला टाकीजवळ उभं केलं आन त्यानं तिथून आकडे ओरडून सांगितले.

त्याच्यापुढं अजून एक पान येते. नाव, वय, शेती किती एकर, ट्रॅक्टर आहे का. सगळं इंग्रजीत, आणि खाली परवानगीच्या चौकोनात टिक आधीच मारलेली. एकर विचारा असं कोणता नियम सांगतो? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लिहिलंय की परवानगी मागायची तर ती नोटीस माणसाला मराठीतही वाचता आली पाहिजे. मी पहिल्यांदा न वाचता पुढं गेलो आणि आठवडाभरात बियाण्याचे, ट्रॅक्टर लोनचे फोन सुरू झाले. वावरात डवरणी चालू असताना दिवसातून चार-चार. शेवटी १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नको अशी नोंद) टाकलं तेव्हा कमी झाले.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते भिंतीचं. पंचायतीच्या दर्शनी भिंतीवर गावाचं नाव आणि खाली गाडगेबाबांची दशसूत्री होती, आम्ही शाळेत असताना मास्तरांनी आमच्याकडून पाठ करून घेतली ती याच भिंतीसमोर उभं करून. कंपनीचा पेंटर आला, दोन हात रंग मारला आणि त्यावर लोगो. गावाचं नाव आता कोपऱ्यात बारीक अक्षरात आहे, मीटरच्या डब्ब्यामागं. फोनमध्ये नेटवर्कचं नाव पाहा तर तिथंही कंपनीच. आता छत पंचायतीचं, लाईटचं बिल पंचायत भरते, फायबर भारतनेटचं म्हणजे सरकारी पैशातून आलेलं, कंपनीनं डब्बा दिला आन ती दुरुस्ती करते, त्याबद्दल तिचं नाव जरूर लिहा, पण खाली लिहा. वर गावाचं पाहिजे.

कोणी म्हणेल नावानं काय फरक पडते. पडते. गूगलनं रेल्वे स्टेशनावर फ्री वायफाय दिलं होतं, जानेवारी २०१६ ला मुंबई सेंट्रलपासून सुरुवात, पुढं ४०० च्या वर स्टेशनं झाली, आणि २०२० मध्ये गूगलनं हात काढून घेतला. तरी वायफाय बंद पडलं नाही कारण फायबर रेलटेलचं, म्हणजे रेल्वेच्याच सरकारी कंपनीचं होतं, ते रेलवायर नावानं चालू राहिलं. आमच्याकडची कंपनी उद्या गेली तर? लोकं म्हणतील कंपनीचं वायफाय होतं, गेलं. कोणी पंचायतीला विचारणारच नाही की लाईन तर आपली आहे, चालू करा.

आणि पर्याय नाही असंही नाही. पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० पासून आहे, त्यात किराणा दुकानदारही वायफाय देऊ शकतो, लायसन्स फी लागत नाही. २०२५ मध्ये ट्रायनं (फोन-इंटरनेटवाल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) असंही ठरवलं की अशा दुकानदाराकडून २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनचे घरगुती रेटच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. बचत गटाच्या बायांनी मनावर घेतलं तर त्या सहज चालवतील, पिठाची चक्की चालवतातच ना.

आम्ही अकरा जणांनी सही करून ग्रामसभेला अर्ज दिलाय: भिंत परत रंगवा, नेटवर्कला गावाचं नाव द्या, फॉर्म मराठीत करा आणि एकर-ट्रॅक्टरचा प्रश्न काढून टाका. झालं तर स्टार वाढवीन.

तोवर वापरणाऱ्यांसाठी एवढंच: टिक आधी काढा मग पुढं जा. यादीत दोन नावं दिसतात, ज्याच्या शेवटी ५जी आहे ते मोबाईलचं ५जी नाही, ते ओट्यावर बसूनच जोरात चालते, देवळामागं बसायचं असेल तर दुसरं घ्या, भिंतीपलीकडं तेच पोचते. आणि ओटीपी मागवायच्या आधी टाकीजवळ जाऊन उभे राहा.