शीर्षकपान हरवलेली एक हेरकथा

भुसावळच्या ज्या वाचनालयातून मी गेली अनेक वर्षे पुस्तके आणते, त्याच्या नोंदवहीत या कादंबरीपुढे ‘हेरकथा, अनुवादित’ एवढेच लिहिलेले आहे. मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने नव्याने बांधणी होण्यापूर्वीच गळून गेल्यामुळे मूळ लेखक कोण, अनुवाद कोणाचा, प्रकाशन कोणत्या सालचे, यांपैकी काहीही समजत नाही. कथा एकदम नवव्या पानावर, जेवणाच्या टेबलावर गार होत चाललेल्या दोन ताटांपाशी सुरू होते. पुस्तकाचे नाव ठाऊक नसताना त्याचे परीक्षण लिहिणे विचित्र आहे, याची मला कल्पना आहे. परंतु बेपत्ता नवऱ्याचा शोध इतक्या घरगुती बारकाव्यांनिशी मांडणारी आणि नेमकी हेरगिरीची वेळ आली की ढिली पडणारी अशी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

कथा 1978 सालच्या पश्चिम बर्लिनमध्ये घडते, म्हणजे भिंतीने शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केलेले असतानाच्या काळात. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेचे काम करणारा एक अभियंता नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी पाव आणायला म्हणून बाहेर पडतो, तो परतत नाही. पोलिसांना त्यात दुसऱ्या बाईपलीकडे काही दिसत नाही. शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको मग स्वतःच घर पालथे घालते, तेव्हा तिच्या हाती कोटाच्या अस्तरात शिवलेली एक किल्ली आणि एका अनोळखी पत्त्यावरच्या अकरा वर्षांच्या विजेच्या बिलांच्या पावत्या लागतात.

पहिली शंभर पाने केवळ या पावत्यांवर उभी आहेत आणि तीच कादंबरीतली सर्वांत सकस पाने आहेत. ती बाई रडत बसत नाही. वहीत रकाने आखून नवऱ्याचा पगार, घरखर्च आणि त्या अज्ञात घराचे वीजबिल यांचा मेळ घालते आणि दर महिन्याला किती पैसे कोठून तरी जास्तीचे येत होते, हा आकडा काढते. हिवाळ्यात त्या घराचे बिल वाढलेले, म्हणजे तेथे कोणीतरी राहत होते. ऑगस्टमध्ये बिल जवळजवळ शून्यावर, म्हणजे ते कोणीतरी सुट्टीवर जात होते. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, तरी ते प्रकरण वाचताना मला गॅसवरच्या वरणाचा विसर पडला.

येथेच माझी पहिली तक्रारही आहे. माझे यजमान निवृत्त होईपर्यंत मालगाडीवर चालक होते. ड्युटीचा निरोप रात्री दोनला येवो की पहाटे चारला, डबा मीच भरत असे, आणि परत आलेला डबा मीच घासत असे. भरीत तसेच परत आले तर खंडव्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत, कोणीतरी जेवायला घातले, शर्टाला डिझेलचा वास असला तर त्या दिवशी विजेचे इंजिन मिळाले नव्हते, गाडी आठ तास रखडली तर ती कोठे रखडली, हे विचारण्याची वेळ आमच्यासारख्या बायकांवर सहसा येत नाही. घरात येणाऱ्या वस्तूच ते सांगतात. अशा वेळी वीजबिलावरून परक्या घरातल्या सुट्ट्या ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचे आठवड्यातून एकदा उशिरा येणे अकरा वर्षे खटकले नाही, हे मला पटत नाही. लेखकाने याचे काही कारण दिले असते तर चालले असते. गळालेल्या पानांत ते असेल, असे मानून मी पुढे वाचत गेले.

नवरा नाहीसा होण्याच्या प्रसंगाला मात्र अतिरंजित म्हणता येणार नाही. ब्रिटिश परराष्ट्र खात्यात राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा डोनाल्ड मॅक्लीन 25 मे 1951 रोजी, म्हणजे आपल्या अडतिसाव्या वाढदिवसाच्या रात्री, गरोदर बायकोला घरी ठेवून सहकारी गाय बर्जेससोबत निघून गेला आणि सोव्हिएत संघात पोहोचला. त्याची बायको मेलिंडा 1953 मध्ये तीन मुलांना घेऊन जिनिव्हातून तशीच गुपचूप निघाली आणि त्याला जाऊन मिळाली. त्यांच्यासारखाच सोव्हिएत संघासाठी काम करणारा ब्रिटिश हेर किम फिल्बी 23 जानेवारी 1963 च्या रात्री बैरुतमधून नाहीसा झाला, त्या वेळी त्याची बायको एलिनॉर एका मेजवानीत त्याची वाट पाहत होती. या दोन्ही बायकांच्या वाट्याला आलेला मधला काळ, म्हणजे नवरा मेला की पळाला हेही ठाऊक नसतानाचे महिने, या कादंबरीने नेमका पकडला आहे. शेजारीण सांत्वनाला येते, पण सोबत काहीही आणत नाही, कारण सुतकात द्यायचे आणि आजारपणात द्यायचे यांपैकी काय न्यावे हे तिला ठरवता येत नाही. असे वाक्य लिहिणाऱ्याने माणसे जवळून पाहिलेली असणार.

दुसऱ्या भागात नायिका फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकावर जाते, आणि रेल्वेच्या घरात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण ही तीस पाने मी दोनदा वाचली. हे स्थानक पूर्णपणे पूर्व बर्लिनच्या हद्दीत होते, तरीही पश्चिमेकडच्या लोकलगाड्या आणि भुयारी गाड्या तेथे येत, आणि पश्चिमेचे प्रवासी सीमा न ओलांडता आत गाडी बदलत. त्याच भुयारी मार्गावरची पूर्व बर्लिनमधली इतर स्थानके बंद होती. मंद दिव्यांत उभ्या पहारेकऱ्यांसमोरून गाडी न थांबता हळूहळू पुढे जाई. पश्चिम बर्लिनमधली लोकलसेवासुद्धा 1984 च्या सुरुवातीपर्यंत पूर्व जर्मनीचीच रेल्वे चालवत होती, हे मला या पुस्तकामुळे प्रथम समजले. एकाच छताखाली दोन देशांचे फलाट असलेल्या या स्थानकात हेरांना ये-जा करण्यासाठी खास गुप्त वाट ठेवलेली होती. नायिका त्या वाटेसमोर उभी राहून नवऱ्याची किल्ली मुठीत धरते, तेथे लेखकाने प्रकरण तोडले आहे, आणि ते योग्य केले आहे.

त्यानंतर पुस्तक घसरते. बर्फातला पाठलाग, विषाची कुपी, सहा पानांत तीन खून, असा सगळा ठरावीक ऐवज एकामागून एक येतो. शेवटाच्या आधी 1979 च्या फेब्रुवारीत पश्चिम बर्लिन आणि पूर्व जर्मनी यांच्या सीमेवरच्या ग्लीनिके पुलावर हेरांची अदलाबदल होते, ती तर सरळ चूक आहे. सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल आणि अमेरिकी वैमानिक गॅरी पॉवर्स यांची अदलाबदल या पुलावर 10 फेब्रुवारी 1962 रोजी झाली. त्यानंतर तेथे 1985 आणि 1986 मध्ये अशा अदलाबदली झाल्या, मधल्या काळात एकही नाही. कादंबरीकाराला इतिहासापासून सूट असते हे मान्य आहे, परंतु वीजबिलांच्या आकड्यांत इतका काटेकोर राहिलेला लेखक पुलाच्या बाबतीत धुक्याचे वर्णन करून सुटू पाहतो, हे खटकते.

त्याहून मोठा दोष नवऱ्याच्या कबुलीजबाबात आहे. आपण जे केले ते तिला वाचवण्यासाठीच केले, असे तो सलग बारा पाने सांगतो आणि वाचकाने हे मानावे अशी लेखकाची अपेक्षा दिसते. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्याच्या फायली जानेवारी 1992 पासून नागरिकांना पाहता येऊ लागल्या. त्या फायलींची लांबी सुमारे 111 किलोमीटर भरते, म्हणजे भुसावळहून निघालेली गाडी जवळजवळ खंडव्याला पोहोचेल इतकी. सरकारविरोधी चळवळीत असलेल्या वेरा वोलेनबर्गर यांना त्या कागदांतून कळले की ‘डोनाल्ड’ या सांकेतिक नावाने आपल्याविषयीच्या बातम्या पुरवणारा माणूस आपला नवराच होता. त्यांनी घटस्फोट घेतला. या एका खऱ्या घटनेपुढे कादंबरीतली बारा पाने पोकळ वाटतात, कारण त्यांत नवऱ्याला आपली बाजू मांडायला भरपूर जागा आहे आणि बायकोच्या वाट्याला फक्त ऐकणे आले आहे.

अनुवादाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. दर दोन पानांआड कोणीतरी ‘खांदे उडवतो’, आणि ‘मला भीती वाटते की तुम्ही चुकत आहात’ असे म्हणणारा मराठी पोलीस मी तरी पाहिलेला नाही. मात्र एका ठिकाणी अनुवादकाची खरी कसोटी लागली आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे. संपूर्ण कादंबरीत नायिका नवऱ्याला ‘तू’ म्हणते आणि शेवटच्या भेटीत एकदम ‘तुम्ही’वर येते. मुळात हा शब्द थोबाडीत मारल्यासारखा असणार. ओळख पुसून टाकल्याचे ती एका सर्वनामात सांगते. आमच्याकडे, निदान माझ्या पिढीत, बायको नवऱ्याला ‘तुम्ही’च म्हणत आली आहे, त्यामुळे ते वाक्य प्रथम वाचताना मला वाटले की तिने त्याला माफ केले. दोन पानांनंतर चूक उमगली आणि मागे यावे लागले. तेथे ‘आपण’ योजले असते, किंवा ‘साहेब’ म्हणून हाक मारली असती, तर तो परकेपणा जळगाव-धुळ्याच्या वाचकालाही चटकन जाणवला असता. तरीही अनुवादकाने सर्वनाम बदलण्याची ही खूण गाळली नाही, याचे श्रेय त्याला किंवा तिला द्यावेच लागेल.

पहिल्या शंभर पानांसाठी आणि स्थानकाच्या प्रकरणासाठी हे पुस्तक जरूर वाचावे. पाठलागाची पाने भराभर उलटली तरी काही बुडत नाही. टंक बारीक असल्याने रात्री वाचणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावा. कोणाकडे याच कथेची अखंड प्रत असेल तर नाव अवश्य कळवावे. मागच्या कोणा वाचकाने एकतिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने नवरा कोठे आहे ते लिहून ठेवले होते. पुस्तक परत करण्यापूर्वी मी ते खोडरबराने पुसून टाकले आहे.