छोटी एसयूव्ही घेताना: टर्बो, साधं पेट्रोल की हायब्रिड?

छोटी एसयूव्ही घ्यायला निघालेल्या बहुतेकांची यादी रंग, सनरूफ आणि स्क्रीनच्या आकारापासून सुरू होते. इंजिन-गिअरबॉक्सचा विषय ‘पेट्रोल ऑटोमॅटिक’ एवढ्या दोन शब्दांत मिटतो. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, बाहेरून अगदी सारख्या, चालवताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाटाव्यात इतका फरक त्या दोन शब्दांत दडलेला असतो. म्हणून इथे ब्रँडची नाही, जातींची तुलना केली आहे: लहान टर्बो पेट्रोल (हवा दाबून आत घेणारं इंजिन), टर्बो नसलेलं साधं दीड लिटरचं पेट्रोल आणि स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत अशी इलेक्ट्रिक मोटर, जी एकटीही गाडी चालवू शकते).

माझं मत आधीच सांगतो. जास्तीत जास्त ताकदीचा आकडा बाजूला ठेवा आणि गाडी शून्य ते चाळीसच्या वेगात कशी वागते ते पाहा. रोजचा बहुतेक वेळ त्याच पट्ट्यात जातो, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात नेमकं त्याबद्दलच काही नसतं.

ओढ कुठे सुरू होते

दोन इंजिनं शेजारी ठेवू. ह्युंदाईचं १.० लिटरचं तीन सिलिंडर टर्बो १२० पीएस (अश्वशक्तीचं माप) ताकद आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, आणि हा टॉर्क १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सलग मिळतो. सुझुकीचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल १०३ पीएसचं आहे. त्याचा १३७ न्यूटन-मीटर टॉर्क पूर्णपणे मिळतो तो ४४०० आरपीएमला. ताकदीत फरक १७ पीएसचा, पण खरी गोष्ट आरपीएमच्या आकड्यांत आहे. टर्बो इंजिन २००० आरपीएमला, म्हणजे आवाजही न चढवता, सुमारे ४९ पीएस चाकांकडे पाठवायला तयार असतं. साध्या इंजिनाकडून तेवढंच हवं असेल तर त्याला त्याहून वर फिरवावं लागतं, त्यासाठी गिअर पाडावा लागतो आणि केबिनमध्ये आवाज येतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ट्रक ओव्हरटेक करायचा असेल, तर हा फरक चालवणाऱ्याच्या पाठीला कळतो.

मग टर्बोच घ्यावं का? थांबा. ‘१५०० पासून’ याचा दुसरा अर्थ असा, की १५०० च्या खाली ते फक्त एक लिटरचं इंजिन असतं. एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवतो, टर्बाइन हवा दाबून आत ढकलतं. वायूच कमी असेल तर दाब कुठून येणार? स्पीडब्रेकर ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम उचल खाते. मोकळ्या रस्त्यावर हे कधी जाणवतही नाही. गाडीला गाडी चिकटलेल्या रहदारीत मात्र पाय सतत अंदाज बांधत राहतो. साध्या इंजिनात जेवढा पाय दाबाल तेवढीच गाडी पुढे सरकते, लगेच आणि न दचकवता. नवशिक्यासाठी आणि मागे वयस्कर माणसं बसणार असतील तर या समंजसपणाची किंमत मला १७ पीएसपेक्षा जास्त वाटते.

हायब्रिड हा प्रश्नच ठेवत नाही, कारण इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते. टोयोटाच्या ११६ पीएसच्या यारिस क्रॉसमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरसंचाला (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चक्रांचा संच) जोडलेल्या असतात. तिथे क्लच नाही आणि बदलणारे गिअरही नाहीत. होंडाची पद्धत निराळी आहे: शहरात इंजिन बहुतेक वेळ जनरेटरचं काम करतं आणि चाकं मोटर फिरवते. हमरस्त्यावर एकसारखा वेग धरला की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. रांगत्या रहदारीतली सहजता म्हणाल तर या दोघांपुढे उरलेल्या दोन जाती उभ्या राहत नाहीत.

एक सावधगिरी. मागच्या दारावर ‘हायब्रिड’ लिहिलेली प्रत्येक गाडी या जातीची नसते. फोर्ड प्यूमासारख्या गाडीतली ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा इंजिनाला बेल्टने हातभार लावते, ब्रेक दाबताना थोडी वीज परत घेते आणि बंद इंजिन गुळगुळीत सुरू करते. निव्वळ विजेवर ती गाडी चालवत नाही. यंत्रणा चांगलीच आहे, पण स्ट्राँग हायब्रिडचं मायलेज तिच्याकडून अपेक्षू नका. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद असताना गाडी चालते का?

गिअरबॉक्स: निर्णय इथेच होतो

इंजिन आवडलं म्हणून गाडी घेतली आणि गिअरबॉक्समुळे पस्तावलो, असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. उलट सांगणारं क्वचितच.

लहान टर्बोबरोबर बऱ्याचदा सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मिळतो. पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असल्याने वेगात तो अप्रतिम चालतो. डोळ्याची पापणी लवावी तसा गिअर पडतो. पण अशा लहान गाड्यांत तो सहसा कोरड्या क्लचचा असतो, म्हणजे क्लचच्या पट्ट्या तेलात बुडालेल्या नसतात. पायी चालण्याच्या वेगाने गाडी सरकवत राहिलात, किंवा चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत, तर आत तेच होतं जे मॅन्युअल गाडीत हाफ क्लच दाबून ठेवल्यावर होतं. क्लच तापतो, गाडी झटके देते आणि काही गाड्या पडद्यावर इशारा देतात. याला उपाय आहे: पुढे एक-दोन गाड्यांची जागा मोकळी होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच सरकायचं, आणि चढावर ब्रेकच वापरायचा. पण ही शिस्त रोज पाळणं तुमच्या स्वभावात आहे का, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

टॉर्क कन्व्हर्टर या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. घसटायला पट्टी नाही म्हणून रांगणं हा त्याचा आवडता प्रांत. गिअर बदलायला तो क्षणभर जास्त घेतो, पेट्रोल किंचित जास्त लागतं. साध्या इंजिनाबरोबर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ही जोडी मला दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्यांसाठी सर्वांत निर्धास्त वाटते. टर्बोबरोबर टॉर्क कन्व्हर्टर मिळत असेल तर त्याहून उत्तम. १५०० आरपीएमच्या खालचा तो पोकळ क्षण कन्व्हर्टर बराचसा झाकतो, कारण गाडी निघताना इंजिनाला थोडं वर फिरू देऊन तो टॉर्क वाढवून देतो.

सीव्हीटीत दोन पुली आणि एक पट्टा असतो, ठरावीक गिअर नसतात. हळू पायाने चालवा, मखमलीसारखी चालते. जोरात दाबलंत की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. दोन गिअरच्या मध्ये ओढ तुटते आणि माना पुढे डोलतात. स्वस्त आणि काटकसरी आहे, पण चढावर, गर्दीत, रिव्हर्समध्ये ती अवघडते. परवडत असेल तर एक पायरी वर जा.

घाट आणि भरलेली गाडी

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, आणि साधं इंजिन जवळपास त्याच प्रमाणात ताकद गमावतं. दोन हजार मीटरवर १०३ पीएसचे ८० ते ८५ च उरतात. टर्बो हवा दाबूनच घेत असल्याने त्याला हा फटका फार कमी बसतो. डोंगराळ भागात राहणाऱ्याने किंवा वारंवार जाणाऱ्याने टर्बो घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हायब्रिडचं घाटातलं वागणं वेगळं असतं. लांबलचक चढावर बॅटरी उतरत जाते आणि शेवटी भार इंजिनावर येतो. ते एका सुरात वर फिरत राहतं, ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. उतारावर चित्र पालटतं: मोटर वीज परत घेत गाडीला आवरते आणि ब्रेक थंड राहतात. बॅटरी पूर्ण भरली की मात्र ती वीज ठेवायला जागा नसते, म्हणून फार लांब उतारावर टोयोटासारख्या गाडीत गिअरचा दांडा ‘बी’वर टाकावा, म्हणजे इंजिनाचा रोध मदतीला येतो.

वळणांवर तिन्ही जातींत फारसा फरक नाही. फरक पडतो तो उंचीने आणि टायरने. या गाड्या हॅचबॅकच्याच पायावर उंच केलेल्या असतात, मागे बहुतेक वेळा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा साधा दांडा, असतो. वळणात त्या थोड्या कलणारच. कलणं थांबवायला कंपनी स्प्रिंग कडक करते, आणि मग खड्ड्यांत कंबर बोलते. त्यात वरच्या मॉडेलला मोठी चाकं येतात. २१५/६० आर १६ टायरची भिंत १२९ मिलिमीटर उंच असते, २१५/५५ आर १७ ची ११८. हा ११ मिलिमीटरचा रबर खराब रस्त्यावर तुमच्या आणि खड्ड्याच्या मध्ये उभा असतो. देखणेपणासाठी तो देऊन टाकू नये.

रोजचा वापर

तुमचे फेरे रोज तीन-चार किलोमीटरचे असतील तर डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो घेऊ नका. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळत राहतं, आणि तेल वेळेआधी बदलावं लागतं. साधं इंजिन हे जास्त सहन करतं. हायब्रिड शहरात सर्वांत कमी पितं. रोज दीड तास गर्दीत जाणाऱ्याचे तिच्यावर खर्चलेले जास्त पैसे पेट्रोलमधून परत येतात. आठवड्यातून एकदाच गाडी काढणाऱ्याचे येत नाहीत. वर अशा पडून राहिलेल्या हायब्रिडची लहान १२ व्होल्टची बॅटरी उतरते आणि गाडी सुरूच होत नाही. एकसारख्या वेगाच्या हमरस्त्यावरही हायब्रिडचा फायदा आटतो, कारण ब्रेकच लागत नसेल तर वीज परत मिळणार कशी?

डिकीचे लिटर वाचून फसू नका. आकडा मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि हायब्रिडची बॅटरी कुठे बसवली आहे त्यावर बरंच ठरतं. यारिस क्रॉसमध्ये ती मागच्या सीटखाली आहे, काही गाड्यांत ती डिकीच्या तळाशी येऊन जागा खाते. स्वतःची सगळ्यात मोठी बॅग किंवा बाळाची गाडी घेऊन जा आणि शोरूममध्येच ठेवून पाहा. डिकीचा काठ किती उंच आहे तेही पाहा, सामान उचलणारी पाठ तुमचीच असणार आहे. प्यूमाच्या डिकीखाली ८० लिटरचा धुता येणारा कप्पा आहे, तळाला पाणी काढायचं बूचही आहे. चिखलाचे बूट कुठे ठेवायचे याचा विचार केलेला पाहून मला फार बरं वाटलं होतं.

बाकी थोडक्यात. सीट उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना चढउतार सोपा जातो, आणि या वर्गाचं खरं वरदान तेच आहे. समोरचे खांब जाड असतात. वळताना त्यांच्याआड आख्खा पादचारी लपतो, म्हणून सीटवर बसून मान हलवून पाहा. एसीचं तापमान आणि पंखा यांना खरी बटणं असावीत. नजर रस्त्यावर ठेवून जे बदलता येत नाही ते चालवताना वापरता येत नाही.

चाचणी कशी घ्याल

विक्रेता मोकळ्या सरळ रस्त्यावर नेईल, कारण तिथे प्रत्येक गाडी छान वाटते. तुम्ही घरच्या चौघांना बसवा आणि चढ असलेला गर्दीचा रस्ता मागा. तिथे चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघा, गाडी मागे घरंगळते का पाहा. दहाच्या वेगाने शंभर मीटर रांगू द्या. स्पीडब्रेकरनंतर पाय हलकाच दाबा आणि गाडी किती उशिराने ऐकते ते मोजा. मग उलट्या दिशेने, फक्त आरशांवर, एका अरुंद जागेत लावा. एसी जोरात सुरू ठेवा, कारण लहान इंजिनाचा खरा दम तेव्हाच कळतो. आणि परतताना किल्ली घरातल्या त्या व्यक्तीच्या हातात द्या, जिला चालवायची धास्ती सर्वांत जास्त आहे. ती गाडीतून उतरताना काय म्हणते ते नीट ऐका आणि मगच बुकिंग करा.